सातशे बाराची लाइन

"हे काम उद्यापासून बंद केलं, तर कुणाचं अडेल?"

हा प्रश्न मी तेव्हा विद्यापीठातल्या प्रत्येक विभागात विचारत फिरत होते. लोक त्यावर चिडायचे, नाहीतर घाबरून आपल्या कामाचा पाढा वाचायला लागायचे. वाघचौरेबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी कानावरचा हेडफोन मानेवर सरकवला, माझ्या कडेवरच्या तान्ह्या जाईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं."

मी हसले. टेलिफोन एक्स्चेंजच्या त्या कोंदट खोलीत त्यांनी अख्खी नोकरी काढली होती आणि त्यांच्या तिरकस बोलण्याचे किस्से मी इतर विभागांत ऐकले होते. कुलगुरूंनासुद्धा "जरा थांबा हो, लाइनीत आहात" म्हणणाऱ्या बाई, अशी त्यांची ख्याती.

"हसण्यावारी नेऊ नका मॅडम," त्या म्हणाल्या. "बंद करायचं ठरलं, तर आधी मला येऊन विचारा."

मी 'बरं' म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

विद्यापीठाचं नाव मी इथं लिहीत नाही. टेकडीवरचं विद्यापीठ म्हटलं की त्या भागातल्या लोकांना कळतं. खाली शहर, वर दगडी इमारती, कडुनिंब आणि उघडा माळ. माझा नवरा हेरंब तिथं भूगर्भशास्त्र विभागात नुकताच लागला होता आणि आम्हाला सी टाइपमधलं क्वार्टर मिळालं होतं. मी लोकप्रशासनात एम. ए. केलेली, घरात बसून चिडचिडी झालेली. हेरंबनंच उपकुलसचिव जिंतूरकर सरांच्या कानावर घातलं. मूल्यांकनाची समिती येणार होती, त्याआधी विद्यापीठाच्या सगळ्या कार्यालयीन सेवा तपासून त्या सुधारायच्या होत्या आणि त्यासाठी नेमलेल्या अंतर्गत समितीत सरांना लिहिणारं माणूस हवं होतं. नोकरी कराराची. लिहायचं काम घरी, आणि विचारपूस करायला अधूनमधून जाईला कडेवर घेऊन प्रशासकीय इमारतीत.

काम चांगलं होतं, हे आजही म्हणेन. तालुक्याच्या गावांतून पहाटेची एसटी धरून आलेली मुलं एका साध्या दाखल्यासाठी या खिडकीवरून त्या खिडकीवर टोलवली जायची. पैसे भरायला टेकडी उतरून बँकेत, शिक्का घ्यायला पुन्हा वर. आम्ही ते एका टेबलावर आणलं. एक मुलगी दाखला हातात घेऊन तशीच उभी राहिली होती. तिला वाटलं, अजून कुठंतरी जायचं असेल. जिंतूरकर सर त्या दिवशी इतके खूश होते की स्वतः जाऊन सगळ्यांसाठी भजी घेऊन आले. "मॅडम," ते म्हणाले, "तुमचा तो प्रश्न फार भारी आहे. कुणाचं अडेल? कुणाचंच नाही. काढा मग."

आता घरातल्या फोनबद्दल सांगते.

आमच्या क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत विद्यापीठाचा जुना, फिकट हिरवा फोन होता. मोबाइल सगळ्यांकडे असल्यामुळे असले फोन बहुतेक घरांत धूळ खात पडलेले. हेरंब तो उचलून माळ्यावर टाकणार होता. पण आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात एका सकाळी, हेरंब विभागात गेल्यावर, तो वाजला.

"सातशे बारा?"

फोनवर चिकटवलेल्या कागदावर तोच आकडा होता. मी हो म्हटलं.

"एक्स्चेंजमधून बोलतेय. लाइन टेस्टिंग. आवाज स्वच्छ येतोय?"

"येतोय."

"अजून बोला काहीतरी. एका शब्दात खरखर कळत नाही."

मला काही सुचेना. आज पाणी आलं नाही, असं म्हटलं. तुमच्या रांगेला दिवसाआड असतं, उद्या येईल, असं पलीकडून उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

मग तो रोज यायला लागला. हेरंब गेला की थोड्या वेळानं. कधी वाघचौरेबाई पाण्याचं विचारायच्या, कधी भाजी काय केली ते. एकदा मी म्हटलं, अजून काही केलं नाही. त्यावर त्या म्हणाल्या, लाइन चांगली आहे, तुमचाच आवाज बसलाय. मला हा आगाऊपणा वाटला. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी फोनला जरा उशीर झाला, तेव्हा मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले होते.

कारण त्या दिवसांत मला एक भीती होती आणि ती मी कुणालाही सांगितलेली नव्हती. जाईला माझ्या हातून काहीतरी होईल, ही ती भीती.

घराच्या मागच्या अंगणात हौद होता. विटांचा, कमरेएवढा उंच, वर पत्र्याचं झाकण. पाणी दिवसाआड, त्यामुळे तो भरून ठेवायलाच लागायचा. मी स्वयंपाकघरात भांडी घासत असले, की डोळ्यांसमोर तो हौद यायचा आणि हौदात जाई दिसायची. तिला तिथं नेणारे हात माझे असायचे. मी हातातलं भांडं टाकून आत धावायचे. जाई गादीवर पाय नाचवत पडलेली असायची. मी तिला उचलून घ्यायचे आणि मग वाटायचं, आत्ता उचलून घेतलंय हेच चुकीचं आहे, माझ्यापासून लांब असलेली बरी. पुन्हा खाली ठेवायचे. ती रडायची. असं दिवसभर.

झाकणावर मी जुना पाटा ठेवला होता. मागच्या दाराला एक कडी खाली होतीच, दुसरी कुणीतरी खूप वर, हात ताणला तरच पोचेल अशी लावून ठेवली होती. मी दोन्ही लावायचे. घर बरीच वर्षं बंद होतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. शेजारच्या बायका फाटकापाशी येऊन गोड बोलायच्या, जाईला हाक मारायच्या. आत या म्हटलं, की त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

हेरंब विचारायचा, झोप झाली का? मी हो म्हणायचे. आई फोनवर विचारायची, कशी आहेस? मी म्हणायचे, बरी आहे. झोप तर जवळजवळ गेलीच होती. शिकलेली होते, नोकरी करत होते, अहवालाची भाषा माझी स्वच्छ होती. मला असं काही होतंय हे मी कुणाला कोणत्या शब्दांत सांगणार होते?

समितीच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक विभागात एक सकाळ बसून काम पाहायचं असायचं. एक्स्चेंजच्या दिवशी हेरंबला सुट्टी होती, म्हणून जाईला त्याच्यापाशी ठेवून मी एकटीच गेले. वाघचौरेबाई सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावून, घड्याळ उजव्या मनगटात बांधून बसल्या होत्या. बोर्डवर दिवा लागला की खुंटी सरकवायच्या, दोन शब्द बोलायच्या, सोडायच्या. मध्येच चुरमुऱ्याचा बकाणा. फोन थोडेच येत होते. परीक्षेच्या निकालाची चौकशी, कुणाच्या तरी पेन्शनची, एक चुकीचा नंबर. बराच वेळ गेला तरी त्यांनी स्वतः एकही फोन लावला नाही.

मी विचारलं, आज लाइन टेस्टिंग नाही का?

"झालं," त्या म्हणाल्या.

"कधी? मी तर पहिल्यापासून इथंच आहे."

"ज्या लाइनचं करायचं ती आज समोरच बसलीय," असं म्हणून त्यांनी दिवा लागलेली खुंटी सरकवली आणि "बोला" म्हणाल्या, माझ्याशी नाही, फोनमध्ये.

घरी आल्यावर हेरंबला विचारलं. फोन वाजला नव्हता. मग शेजारच्या घरी विचारलं. त्यांच्याकडे लाइन टेस्टिंग कधीच येत नव्हतं. त्या रांगेत कुणाकडेच येत नव्हतं. फक्त आमच्याकडे.

हेरंबला त्यात कोडं वाटलं नाही. तो म्हणाला, अगं, तू समितीत आहेस. घरी बसून काम करतेस की झोपतेस, हे बघत असणार. युनियनची माणसं आहेत ती, उद्या तुझ्यावरच अर्ज टाकतील. मला ते लगेच पटलं. विद्यापीठात दोन महिने फिरल्यावर ज्याला-त्याला हेच पटतं. कुणी कुणाची चौकशी केली की त्यामागे डाव असणार.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी म्हटलं, लाइन उत्तम आहे, रोज तपासायची गरज नाही. मग त्या म्हणाल्या, "तपासणं माझं काम आहे. उचलणं तुमचं. बाकी राग धरा हवा तेवढा."

मी ते जिंतूरकर सरांना सांगितलं. त्यांना त्या वेळी नव्या यंत्राचं दरपत्रक मिळालेलं होतं, त्यामुळे त्यांनी ते हसत ऐकलं. एक्स्चेंज बंद होणार हे तसंही ठरल्यातच जमा होतं. आता कुणीही विद्यापीठाचा नंबर लावला की आपोआप आवाज येणार. परीक्षा विभागासाठी एक दाबा, पात्रता विभागासाठी दोन. बाईंना आवक-जावकला टेबल मिळेल. कुणाची नोकरी जात नव्हती. कागदावर बघितलं तर सगळ्यांचं भलंच होतं.

फक्त त्या यंत्रात बोलायला आवाज हवा होता. कंपनीनं पाठवलेला नमुना सरांना आवडला नाही, रेल्वे स्टेशनवर उभं राहिल्यासारखं वाटतं म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, मॅडम, तुमचा आवाज प्रसन्न आहे, तुम्हीच का नाही बोलत?

पत्रकारिता विभागाच्या छोट्या स्टुडिओत आम्ही ते रेकॉर्ड केलं. मजकूर मीच लिहिला होता. जाई मांडीवर होती, कारण ठेवणार कुणाकडे. काचेपलीकडचा तंत्रज्ञ सारखा हसायची खूण करत होता, हसून बोललं की आवाजात हसू येतं म्हणे. मी हसून बोलले. शेवटच्या वाक्याला जाईनं एक बारीक हुंकार दिला. मी म्हटलं, पुन्हा करू या. तो म्हणाला, राहू द्या मॅडम, एवढं कुणाला ऐकू येणार आहे.

एक्स्चेंजच्या खोलीला कुलूप लागलं त्या दिवशी वाघचौरेबाई मला जिन्यात भेटल्या. हातात चुरमुऱ्याचा डबा आणि खुर्चीवरची उशी. म्हणाल्या, तुमचा मोबाइल नंबर द्या. मी म्हटलं, ऑफिसच्या कामासाठी सरांच्या कार्यालयात फोन करत जा. त्यांनी पुन्हा मागितला नाही. जाईच्या तळपायाला बोट लावलं आणि खाली उतरून गेल्या.

त्यानंतर फोन वाजायचा थांबला.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. पहिल्या दिवशी वाटलंही. मग सकाळी हेरंब गेला, की मी काम करता करता त्या हिरव्या फोनकडे बघत राहायचे. घरातली शांतता वाढली असं म्हणता येणार नाही, जाई तर दात येत असल्यानं दिवसभर किरकिरत होती. पण दिवसाला आधी एक खुंटी होती, ती कुणीतरी काढून नेली होती. सकाळ, दुपार, सगळं एकात एक मिसळायला लागलं. जेवले की नाही, हे भांडी बघून कळायचं.

वैशाखात हेरंब विद्यार्थ्यांना घेऊन घाटात गेला, खडक बघायला. तिथं मोबाइलला रेंज नव्हती. तो जाताना म्हणाला, आईला बोलावून घे हवं तर. मी म्हटलं, कशाला उगीच.

तो गेल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या दुपारी घडलं ते हे.

पाण्याचा दिवस होता. उन्हानं माळ पांढरा झालेला. जाई सकाळपासून रडत होती, कशानंच थांबत नव्हती. आईचा फोन आला, बरी आहे म्हटलं, ठेवला. मला कुणाशी तरी बोलायचं होतं, पण ओळखीच्या माणसाशी नाही. ओळखीच्या माणसाला बरी आहे म्हणावं लागतं. मला असं कुणीतरी हवं होतं, जे फक्त आवाज स्वच्छ येतोय का एवढंच विचारेल. मी हिरवा फोन उचलला आणि एक्स्चेंजचा जुना नऊ नंबर दाबला.

"नमस्कार," पलीकडून मी म्हटलं. "विद्यापीठात आपलं मनःपूर्वक स्वागत आहे."

मी ऐकत राहिले. परीक्षा विभागासाठी एक दाबा. पात्रता विभागासाठी दोन दाबा. वसतिगृहासाठी तीन. आवाजात हसू होतं. ती बाई कुणी वेगळीच होती. तिची झोप झालेली होती, तिला सगळ्या विभागांचे आकडे पाठ होते. पुन्हा ऐकण्यासाठी शून्य दाबा, असं ती म्हणाली. मी शून्य दाबला. ती पुन्हा तेवढ्याच आनंदानं म्हणाली, नमस्कार. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, ऐका ना. ती म्हणाली, पात्रता विभागासाठी दोन दाबा.

किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. पण एकदा शेवटच्या वाक्याखाली मला जाईचा हुंकार ऐकू आला, अगदी बारीक. आणि तेव्हा लक्षात आलं, की तो फोनमधून येतोय आणि घरात जाईचा आवाज नाही. रडणं थांबलेलं होतं. कधी थांबलं, मला माहीत नव्हतं.

मी गादीकडे पाहिलं. गादी रिकामी होती. स्वयंपाकघरापलीकडचं मागचं दार सताड उघडं होतं, दोन्ही कड्या काढलेल्या. अंगणात उन्हात हौदाचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसत होतं, पाटा खाली जमिनीवर.

मग मला माझ्या कमरेवर वजन जाणवलं. जाई माझ्या कडेवर होती. ती गप्प होती, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. तिचे पाय ओले होते. माझ्या कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि फरशीवर मागच्या दारापासून फोनपर्यंत माझीच ओली पावलं आली होती.

मी हौदापाशी गेले होते आणि परत आले होते. मधलं मला काही आठवत नाही. आजही आठवत नाही. काय करायला गेले होते आणि कशानं परत फिरले, हे मी कितीही मागे गेले तरी सापडत नाही. तिथं फक्त ऊन आहे.

हातातल्या फोनमध्ये मी अजून बोलत होते. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

वाघचौरेबाई दारात उभ्या होत्या, डोक्यावर पदर, घामानं चिंब. चढ आहे हो तुमचा, पाणी द्या, असं म्हणत त्या आत आल्या आणि मग त्यांनी जाईचे पाय पाहिले. माझ्या बाह्या पाहिल्या. फोन लोंबकळत होता, तो त्यांनी कानाला लावून क्षणभर ऐकला आणि जागेवर ठेवला. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. जाईला माझ्याकडून घेतलं, खाली बसून आपल्या पदरानं तिचे पाय पुसले, बोटन्‌बोट. मग तिला खांद्यावर टाकून मागे गेल्या. नळ बंद केल्याचा आवाज आला, झाकणाचा आला, पाटा सरकवल्याचा आला. दोन्ही कड्या लावून त्या परत आल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता सांगा. काय काय दिसतं?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच. हौद दिसतो म्हटलं, हात दिसतात म्हटलं. मला वाटलं होतं, हे शब्द तोंडातून निघाले की समोरचं माणूस उठून उभं राहील. त्या जाईला थोपटत राहिल्या.

"तिलाही तेच दिसत असणार," त्या म्हणाल्या.

कोणाला, म्हणून मी विचारलं, आणि मग त्यांनी सांगितलं. आमच्या आधी या घरात सोनटक्के सर राहायचे. त्यांची बायको कोवळी होती, तिचं बाळ जाईएवढंच. मोबाइल तेव्हा एवढे नव्हते. ती दिवसभरात कितीतरी वेळा एक्स्चेंजला फोन करायची आणि एकच विचारायची, किती वाजले? बाई सांगायच्या. थोड्या वेळानं पुन्हा फोन, किती वाजले? एक्स्चेंजमध्ये त्यावरून थट्टा चालायची, सातशे बाराचा टोल पडला म्हणायचे.

"आणि एका दिवशी निकाल लागले होते," त्या म्हणाल्या. "बोर्ड सगळा पेटलेला. तेवढ्यात हिचा दिवा. मी म्हटलं, घरात घड्याळ नाही का हो बाई तुमच्या? ती सॉरी म्हणाली. फार हळू म्हणाली. त्यानंतर तिचा दिवा कधी लागला नाही. मला तर बरंच वाटलं."

मी त्यांच्या खांद्यावरच्या जाईकडे बघितलं.

"मग त्याच आठवड्यात रुग्णवाहिका मागवायचा फोन माझ्याच बोर्डवरून गेला. पाय घसरला म्हणाले सगळे. दोघींचा. घसरला असेल." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "भिंतीवर घड्याळ होतं तिच्या. मी जाऊन बघितलं नंतर. चालू होतं."

घर बंद राहिलं. कुणी घेईना. मग आम्ही आलो, बाहेरगावचे, काही माहीत नसलेले, तान्हं बाळ घेऊन. बाईंनी वाटपाच्या यादीत सातशे बारापुढे नाव बघितलं आणि विचारात पडल्या. येऊन सांगायचं तर काय सांगायचं? तुमच्या हौदात असं झालं होतं? आणि ऑपरेटरला आपणहून फोन करायला कारण लागतं. म्हणून त्यांनी लाइन टेस्टिंग काढलं. तसलं काही काम नव्हतंच. आवक-जावकला बसल्यावर तेही तुटलं. मग जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला म्हणून त्या आमच्या रांगेपर्यंत यायच्या, दोरीवर धुणं दिसलं की परत जायच्या. त्या दिवशी दोरीवर धुणं नव्हतं.

मी विचारलं, मला सरळ का नाही सांगितलंत?

"सांगितलं की," त्या म्हणाल्या. "तुम्ही हसलात."

मग त्या उठल्या, माझा मोबाइल शोधून माझ्या हातात दिला. "आईला लावा. आणि 'बरी आहे' सोडून काहीही बोला."

आई दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तोवर वाघचौरेबाई आमच्याकडेच राहिल्या. आवक-जावकला त्यांनी रजेचा अर्जही दिला नव्हता, त्यावरून नंतर त्यांना नोटीस मिळाली. खाली शहरात एक डॉक्टर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दचकल्या नाहीत. म्हणाल्या, याला नाव आहे, औषध आहे, आणि हे पुष्कळ बायकांना होतं, त्या सांगत नाहीत एवढंच. हेरंब घाटातून परत आला तेव्हा मी झोपले होते. आईनं त्याला काय सांगितलं माहीत नाही. तो माझ्या शेजारी जमिनीवर बसून होता, बुटांना लाल माती तशीच. त्या आठवड्यात त्यानं स्वतः घण घालून हौद फोडला आणि वर प्लास्टिकची टाकी बसवून घेतली. इस्टेट विभागानं विचारलं, परवानगी कुणाची? तो म्हणाला, माझी.

मूल्यांकन समितीनं एक खिडकी योजनेचं आणि स्वयंचलित चौकशी सेवेचं खास कौतुक केलं. जिंतूरकर सरांनी मला शाल दिली. वर्षभरात हेरंबला दुसरीकडे नोकरी लागली आणि आम्ही टेकडी सोडली.

जाई आता शाळेत जाते, पोहते, केस कापू देत नाही. मी बरी आहे. हे मी खरं सांगतेय. पण तिचे पाय ओले असले, अंघोळ करून ती घरभर पावलं उमटवत आली, की मी हातातलं काम थांबवून ती पावलं कुठून आली ते बघते. दरवेळी बघते.

वाघचौरेबाई निवृत्त होऊन जालन्याला लेकाकडे असतात. गुडघे गेलेत, तोंड तसंच आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, सातशे बारामध्ये बिऱ्हाड आलंय. नवरा-बायको, तान्हं बाळ. नवरा परीक्षेच्या कामात, सारखा बाहेरगावी. आवक-जावकच्या जुन्या शिपायानं सांगितलं, ती बाई दुपारी फाटकाशी नुसती उभी असते. हाक मारली तर हसते आणि आत जाते.

"मला आता चढ चढवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा काहीतरी."

मी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चांद्याला. मी विद्यापीठाचा नंबर लावला. मीच उचलला. नमस्कार म्हटलं, हसून. सातशे बारा दाबलं तर कळलं, ती लाइन काढून टाकलीय. मग ओळखीनं कुलसचिव कार्यालयात एकीचा नंबर मिळवला. तिनं आपुलकीनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, त्या क्वार्टरची आमच्याकडे काही तक्रार आलेली नाही. हेरंबची सुट्टी, जाईची परीक्षा, तिकीट, सगळं जुळवून मी निघेपर्यंत पंधरवडा जाईल. तेवढा वेळ माझ्या हातात नाही असं मला वाटतंय. कदाचित मी उगीचच घाबरत असेन. घाबरणं माझ्या अंगवळणी पडलंय.

तुमच्यापैकी कुणी त्या टेकडीवर कामानिमित्त जात असेल, मुलाच्या दाखल्यासाठी, फेरतपासणीच्या अर्जासाठी, कशाहीसाठी, तर प्रशासकीय इमारतीपाशी थांबू नका. तसंच पुढे जा. डाकघर मागे टाकून डावीकडे वळलं की सी टाइपची शेवटची रांग लागते. त्यातलं शेवटून दुसरं घर. दार वाजवा. उघडायला वेळ लागला तरी थांबा. ती हसेल, बरी आहे म्हणेल, बाळ आत्ताच झोपलंय म्हणेल. तिला खोटं पाडू नका. पण दारातून परतही फिरू नका. आत जा, बाळाला तुमच्याकडे घ्या, आणि तिला झोपू द्या.